पानें जातात कोठें?

दक्षिण व मध्य अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत बागाईत करणाऱ्या शेतकऱ्यास रानांतील श्वापदांपेक्षां एका मुंगीनेंच अधिक सतावलें आहे. सायंकाळीं संत्र्याचें झाड पानांनीं भरलेलें पाहून त्यानें निजावें आणि सकाळीं उठून पाहावें तों नुसत्या काड्यांचा सांगाडा उभा! रात्रींतून असंख्य मुंग्यांनीं पानांचे तुकडे कातरून, ते छत्रीसारखे डोक्यावर धरून, रांगेनें आपल्या वारुळांत नेलेले असतात. ब्राझील देशांत या मुंगीस 'साऊवा' म्हणतात. हा तांडा जी पानें भुईखालीं नेतो त्यांचें पुढें होतें काय, हा प्रश्न दिसण्यांत अगदीं साधा. परंतु त्याचें उत्तर मिळण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि तें उत्तर पुरें होतां होतां आणखी सव्वाशें वर्षें लोटलीं.

हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज सृष्टिशास्त्रज्ञ १८४८ सालीं अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळील पारा शहरीं उतरला व पुढें ११ वर्षें त्या खोऱ्यांत राहिला. साऊवांची वारुळें त्यानें जवळून पाहिलीं. कांहीं वारुळांचे मातीचे घुमट ४० यार्ड परिघाचे असल्याचें त्यानें नमूद केलें आहे. एकदां तर या मुंग्यांनीं रात्रीं त्याच्या घरांत शिरून कंदाच्या पिठाच्या टोपल्यांवर धाड घातली. लांकडी खडावांनीं चिरडूनही त्या हटेनात, तेव्हां त्यांच्या वाटेवर बंदुकीची दारू पसरून ती वारंवार पेटवावी लागली. इतका निकट परिचय असूनही बेट्सचें अनुमान चुकलें. मुंग्या या पानांनीं वारुळाचे घुमट शाकारतात व पावसापासून पिलांचें रक्षण करितात, असें त्यानें १८६३ च्या आपल्या ग्रंथांत लिहिलें. अनुमान असमंजस नव्हतें. माणसेंही पानांनीं झोंपड्या शाकारतातच.

खरें उत्तर ज्यानें काढलें, तो पेशानें खाणींचा इंजिनियर होता. थॉमस बेल्ट हा १८६८ ते १८७२ या काळांत निकाराग्वांतील चोंतालेस येथें सोन्याच्या खाणींचा कारभार पाहत असे. घराभोंवतीं त्यानें हौसेनें बाग लाविली, आणि ती रुजते न रुजते तोंच मुंग्यांनीं तिचा फडशा पाडण्यास आरंभ केला. बेल्टनें कार्बॉलिक अ‍ॅसिड पाण्यांत कालवून त्यांच्या बिळांत ओतलें. कांहीं दिवसांनीं मुंग्यांनीं जुनें घर सोडून दुसरीकडे बिऱ्हाड हलविलें. या झगड्यांत त्यानें वारुळें खणून पाहिलीं. आंत माणसाच्या डोक्याएवढ्या गोल पोकळ्या होत्या आणि त्यांचा पाऊण भाग एका भुरकट, ठिपकेदार, स्पंजासारख्या पदार्थानें भरलेला होता. पानांचीं कोठारें मात्र कोठेंच आढळलीं नाहींत. नीट निरखून पाहतां तो पदार्थ म्हणजे पानांचा बारीक चुरा असून, पांढऱ्या बुरशीच्या तंतूंनीं तो विणल्यासारखा झालेला दिसला. वारूळ मोडलें असतां मुंग्या त्याचा कण न् कण उचलून आडोशास नेत. यावरून बेल्टनें सिद्धान्त मांडला कीं, हीं पानें म्हणजे केवळ खत होय; त्या खतावर मुंग्या बुरशीची लागवड करितात व तीच बुरशी त्यांचें अन्न आहे. त्याचा ग्रंथ १८७४ सालीं प्रसिद्ध झाला. ब्राझीलमध्यें स्थायिक झालेला फ्रिट्झ म्यूलर हा जर्मन शास्त्रज्ञही त्याच सुमारास स्वतंत्रपणें याच निष्कर्षास आला होता.

सिद्धान्त पटण्यासारखा होता, तरी त्यास पुराव्याची जोड हवी होती. ती म्यूलरच्याच आप्तांपैकीं आल्फ्रेड मोलर यानें दिली. ब्राझीलमधील ब्लूमेनाऊ येथें त्यानें या बागांचा सूक्ष्मदर्शकाखालीं अभ्यास केला व १८९३ सालीं आपला प्रबंध छापला. बुरशीच्या तंतूंच्या टोंकांस बारीक गोळे येतात आणि मुंग्या तेच खुडून खातात, असें त्यास आढळलें. त्या गोळ्यांच्या झुबक्यांस त्यानें नवलकोलाची उपमा दिली. बागेंतून मुंग्या काढून घेतल्या तर थोड्याच काळांत बागेची घडी मोडते, हेंही त्यानें दाखविलें. म्हणजे येथें निंदणी होती, मशागत होती, राखणही होती.

मग नव्या वारुळास बियाणें कोठून येतें? १८९८ सालीं हर्मान फॉन इहेरिंग यानें त्याचा उलगडा केला. पंख फुटलेली तरुण राणी माहेर सोडून उडते तेव्हां तोंडातील एका लहानशा कप्प्यांत बुरशीची चिमूट घेऊन निघते. जमिनींत बीळ करून ती स्वतःस कोंडून घेते व ती चिमूट बाहेर काढून रुजविते. याकोब ह्यूबर यानें १९०५ सालीं पुढचें वर्णन दिलें. पानें आणण्यास कामकरी मुंग्या अद्याप जन्मल्या नसल्यामुळें राणी बुरशीचा तुकडा आपल्या शरीराच्या टोंकाशीं नेऊन त्यावर मलद्रवाचा थेंब सोडते व तो परत जागीं ठेवते. या दिवसांत ती त्या बुरशीस शिवत नाहीं. स्वतःच घातलेल्या अंड्यांपैकीं बहुतेक खाऊन ती दिवस काढते. बियाणें करपलें तर ती राणी व तिचा सारा भावी वंश तेथेंच संपतो.

एवढ्यावर ही कथा पुरी झाली असें जवळजवळ शंभर वर्षें वाटत होतें. अशा कित्येक मुंग्यांच्या अंगावर पांढरट पूड दिसे. ती त्यांच्याच शरीरांतून स्रवणारा मेणासारखा पदार्थ आहे अशी समजूत होती. १९९९ सालीं कॅमेरॉन करी व त्याचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, ती पूड जिवंत जंतूंची आहे. मुंग्यांच्या या पिकावरही रोग पडतो. 'एस्कोव्होप्सिस' नांवाची दुसरी एक बुरशी तें फस्त करिते. अंगावरील जंतूंपासून जें औषधी द्रव्य तयार होतें तें या रोगास आळा घालतें. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें मुंग्यांच्या या शेतीचा आरंभ सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं, पृथ्वीवर अशनि आदळून वनस्पति मेल्या व त्यांच्या सडक्या अवशेषांवर बुरशी माजली, त्या काळीं झाला असावा. पानें कातरणाऱ्या जाती त्या वंशांत फार मागाहून आल्या. माणसाच्या शेतीस १२ हजार वर्षेंही क्वचितच भरतील!

या मुंग्या अमेरिका खंडाबाहेर आढळत नाहींत. तथापि पावसाळ्यांत वारुळांवर उगवणारी अळंबी ज्यांनीं कोंकणांत पाहिली आहे, त्यांस ही कथा सर्वस्वीं परकी वाटूं नये. कारण आपल्याकडील वाळवीही भुईखालीं बुरशी जोपासते, आणि ती अळंबी त्याच बागेचा फुलोरा होय.

अमेरिकेंतील शेतकऱ्याचा या मुंगीशीं चाललेला झगडा आजही संपलेला नाहीं. आतां संत्र्याच्या वाळलेल्या गरांत विष कालवून त्याच्या गोळ्या वाटेवर टाकतात. मुंग्या त्या खत समजून आपण होऊन बागेंत नेतात. पानें कोठें जातात हें ठाऊक झालें नसतें, तर हा उपायही कोणास सुचता ना. बेल्ट आपल्या बागेच्या वैऱ्याचा नायनाट करावयास निघाला होता. त्या वैऱ्याचें घर उघडून पाहिलें तेव्हां आंत त्यास आपल्याहूनही जुना माळी भेटला.