घड्याळजीची तबकडी, लिलावाची बोली

दुर्मीळ मनगटी घड्याळांचा संग्रह हा युरोप-अमेरिकेतील धनिकांचा छंद मानला जातो, आणि मोठ्या रकमांच्या बातम्याही तिकडूनच येतात. परंतु संगणकावर चालणाऱ्या लिलावांत जुन्या घड्याळांची देवघेव सुरू झाली तेव्हा मुंबईतून गेलेल्या घड्याळांनी जगभरच्या संग्राहकांना एका प्रश्नाकडे लक्ष द्यायला भाग पाडले. जुन्या घड्याळाची किंमत ते चालू असण्यात आहे की त्याला कोणी हात लावलेला नसण्यात, हा तो प्रश्न होय. मुंबईच्या घड्याळजीने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले होते आणि जिनिव्हाच्या लिलावगृहांनी नेमके उलट उत्तर दिले. या दोन उत्तरांमागचा इतिहास मुंबईच्या बंदरापासून सुरू होतो.

स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या गावी १७३७ मध्ये पाया घातल्या गेलेल्या फेवर-ल्यूबा या घराण्याने १८६५ मध्ये भारताशी व्यापार सुरू केला, तर १८८६ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीने आपला व्यवसाय प्रामुख्याने मुंबई आणि कलकत्ता येथील पेढ्यांवर उभारला. वेस्ट एंड ही घड्याळे सर्वस्वी स्वतः बनवीत नसे. स्विस कारखान्यांकडून यंत्रे घेऊन ती आपल्या नावाने विकणे हा तिचा धंदा होता, आणि घोडदळातील स्वाराच्या नावाने तिने काढलेले ‘सोवार’ हे घड्याळ ब्रिटिश भारतीय सैन्यात विशेष खपले. लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली या कारागिरांनी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरसाठी घड्याळ पुरविले आणि तो मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. रेल्वे, गिरण्या, कचेऱ्या आणि न्यायालये यांच्या शहरात वेळ पाहण्याची गरज श्रीमंतांपुरती मर्यादित राहिली नाही, त्यामुळे कारकून, फौजदार, मास्तर आणि रेल्वेचे नोकर हा घड्याळाचा ग्राहकवर्ग लवकर तयार झाला. घड्याळ असूनही कोणती वेळ खरी हा वाद मात्र मुंबईत दीर्घकाळ मिटला नाही, कारण १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही तिच्याहून ३९ मिनिटे मागे चालणारी ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. परकीय चलनाच्या टंचाईमुळे, विशेषतः १९५६-५७ च्या पेचप्रसंगानंतर, परदेशी घड्याळांची आयात परवान्यांनी जखडली गेली आणि देशी उत्पादन हा सरकारी धोरणाचा भाग बनला. हिंदुस्थान मशीन टूल्स म्हणजेच एचएमटी या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरु येथे मनगटी घड्याळांची निर्मिती सुरू केली; ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’ ही तिची नावे पुढे घरोघरी पोचली, आणि लग्नात जावयाला घड्याळ देण्याच्या प्रथेने त्यांची मागणी पुरवठ्याच्या पुढेच राहिली. या दरीचा फायदा चोरट्या व्यापाराने घेतला. पोर्तुगीज अमलाखालील गोवा १९६१ पर्यंत परदेशी मालाचा एक मार्ग होता, आणि पुढे आखातातून गलबतांनी येणाऱ्या सोन्याबरोबर सेको, सिटिझन, रिको यांसारखी घड्याळेही कोकणच्या व मुंबईच्या किनाऱ्यावर उतरू लागली. तस्करी करणाऱ्यांना खटल्याविना स्थानबद्ध करण्याची तरतूद असलेला कायदा १९७४ मध्ये करावा लागला, यावरून या व्यापाराचा आवाका लक्षात यावा.

ज्या समाजात नवे घड्याळ मिळणे इतके अवघड होते, तेथे जुने घड्याळ टाकून देण्याचा विचार कोणी केला नाही, आणि म्हणून या काळातील खरा नायक म्हणून आयातदार किंवा तस्कर यांच्यापेक्षा घड्याळजीकडे पाहिले पाहिजे. एका बंद पडलेल्या यंत्रातील चाक दुसऱ्यात बसवणे, तुटलेला बॅलन्सचा दांडा (बॅलन्स म्हणजे मागेपुढे झुलून वेळेची लय राखणारे चाक) कातून नवा करणे, घासलेल्या केसला (केस म्हणजे यंत्राभोवतीचे धातूचे आवरण) पुन्हा निकेलचा मुलामा देणे ही कामे अत्यल्प मजुरीत होत असत. तबकडीचे दुखणे मात्र हवामानाने दिले होते. पाण्यापासून संरक्षण नसलेल्या केसमध्ये मुंबईच्या पावसाळ्याची दमट हवा शिरली, की तबकडीवर डाग पडत, अंक उडत आणि चांदीचा थर काळवंडे. अशी तबकडी खरवडून तिच्यावर नवा रंग चढवणे व कंपनीचे नाव पुन्हा छापणे हा ग्राहकाच्या दृष्टीने उपकारच होता. मालकाला घड्याळ स्वच्छ दिसायला आणि वेळेवर चालायला हवे होते. नाव जुन्याच वळणाच्या अक्षरांत आहे की नाही, याची चिकित्सा करण्याचे त्याला काही कारण नव्हते. मुंबईतील मटन स्ट्रीटचा चोर बाजार आणि पुण्यातील रविवार-बुधवारचा जुना बाजार येथे सुट्या भागांचा जो अखंड ओघ चालू राहिला, तो याच दुरुस्तीच्या अर्थव्यवस्थेचा आधार होता.

याच सुमारास युरोपात घड्याळ निराळ्या अर्थाने जुने होऊ लागले. सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. स्वस्त आणि कितीतरी अधिक अचूक अशा या घड्याळापुढे किल्लीच्या घड्याळाची उपयुक्तता संपली, आणि पुढील दीड दशकात स्विस घड्याळ-उद्योगातील नोकऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाहीशा झाल्या. उपयोग संपलेली वस्तू संग्रहाला मोकळी होते, हे त्यानंतर दिसून आले. ओस्वाल्दो पात्रित्झी यांनी १९७४ मध्ये जिनिव्हात सुरू केलेली पेढी पुढे अँटिकोरम या नावाने केवळ घड्याळांच्या लिलावासाठी प्रसिद्ध झाली, आणि एप्रिल १९८९ मध्ये तिने फक्त पाटेक फिलिप या एका कंपनीच्या घड्याळांचा लिलाव करून संग्राहकांच्या बाजाराला आकार दिला. मोठ्या कंपन्यांबाहेर राहून हाताने मोजकी घड्याळे करणाऱ्या कारागिरांनी, ज्यांना ‘स्वतंत्र घड्याळकार’ म्हटले जाते, १९८५ मध्ये स्वेंड अँडरसन आणि विन्सेंट कालाब्रेसे यांच्या पुढाकाराने आपली संस्था स्थापन केली. फिलिप द्युफूर किंवा फ्रांस्वा-पोल जुर्न यांच्यासारख्यांची घड्याळे दुर्मीळ असतात ती मुळातच थोडी बनतात म्हणून, तर जुन्या कारखानी घड्याळांची दुर्मीळता काळाने बाकीची नष्ट केल्यामुळे निर्माण होते; लिलावाच्या सूचीत हे दोन्ही प्रकार शेजारी बसत असले तरी त्यांच्या किमतीमागील तर्क एक नाही. दुसऱ्या प्रकारात मूळ अवस्था हाच मूल्याचा निकष ठरला, आणि घासून चकचकीत केलेली केस किंवा पुन्हा रंगवलेली तबकडी हे दोष मानले जाऊ लागले. अभिनेता पॉल न्यूमन यांचे रोलेक्स २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना गेले, तेव्हा घड्याळाइतकीच त्याच्या पूर्वेतिहासाची, म्हणजे ते कोणाच्या मनगटावरून कोणाकडे गेले याच्या साखळीचीही किंमत मोजली गेली होती.

१९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ईबेने लिलाव घराघरांत नेला. मुंबईत २००० मध्ये सुरू झालेली बाझी डॉट कॉम ही कंपनी ईबेने २००४ मध्ये विकत घेतली, आणि त्या व्यवहाराने भारतीय विक्रेत्याला जगभरचा खरेदीदार सहज गाठता येऊ लागला. दुरुस्तीच्या अर्थव्यवस्थेत तयार झालेली घड्याळे आता संग्राहकांच्या अर्थव्यवस्थेत जाऊन पडली. फेवर-ल्यूबा, कॅमी, हेन्री सँडोझ, रोमर, वेस्ट एंड आणि एचएमटी यांच्या नावांची, निळ्या-लाल-नारिंगी अशा मूळ कारखान्याने कधी न वापरलेल्या रंगांच्या तबकड्या असलेली घड्याळे इतक्या मोठ्या संख्येने विकली जाऊ लागली, की परदेशी संग्राहकांत त्यांना ‘मुंबई स्पेशल’ हे नाव पडले. नामाक्षरांचे वळण चुकलेले असणे, मिनिटांच्या खुणा काट्याच्या टोकाशी न जुळणे, तळाशी छापलेले ‘स्विस मेड’ गायब असणे, आणि आतील यंत्र केसपेक्षा भलत्याच वयाचे असणे या त्यांच्या ओळखीच्या खुणा होत. जुने म्हणून जाणूनबुजून फसवून विकणे आणि जुन्या सवयीने दुरुस्त करून विकणे यांत फरक करायला हवा, आणि तो फरक परदेशी टीकाकारांनी बहुधा केला नाही; तरीही मुळात दुरुस्तीसाठी जन्मलेली कला मागणीनुसार नवनव्या तबकड्या काढू लागली, तेव्हा ती दुरुस्ती उरली नव्हती हेही मान्य करावे लागते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतल्यावर तिच्या घड्याळांची मागणी अचानक वाढली, आणि देवनागरी अंकांची ‘जनता’ हेही संग्राहकाने काळजीपूर्वक पारखून घेण्याचे घड्याळ झाले.

लिलाव संगणकावर आल्यामुळे बोली लावणारा कोठे राहतो हे गौण झाले, याचे उदाहरण म्हणून मुळशी तालुक्यातील मारुंजीचा विचार करता येतो. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कला लागून असलेले हे शेतीचे गाव गेल्या दोन-अडीच दशकांत मोठ्या गृहसंकुलांनी वेढले गेले आहे, आणि तेथील रहिवाशाला जिनिव्हाच्या किंवा हाँगकाँगच्या लिलावात बोली लावण्यास आता तांत्रिक अडथळा नाही. कायद्याचा अडथळा मात्र आहे. भारताच्या परदेशी व्यापार धोरणानुसार यंत्रसामग्रीसारख्या भांडवली वस्तू सोडता वापरलेल्या वस्तूंची आयात परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे जुने घड्याळ मागवणे सरळ नसते. न वापरलेल्या घड्याळालाही मोठी किंमत पडते. लिलावात १ लाख रुपयांवर हातोडा पडला आणि लिलावगृहाचे खरेदीदाराकडून घ्यायचे अधिमूल्य उदाहरणादाखल २५ टक्के धरले, तर १,२५,००० रुपयांवर २० टक्के सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के अधिभार आणि एकूण रकमेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून वाहतूक व विमा वगळता १,७९,९५० रुपये होतात. स्वित्झर्लंडसह चार देशांच्या संघाशी मार्च २०२४ मध्ये झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाल्याने स्विस घड्याळांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत आहे. दुसरीकडे एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांवरील मनगटी घड्याळाच्या विक्रीत विक्रेत्याला ग्राहकाकडून १ टक्का कर गोळा करावा लागतो.

या जकातीच्या भिंतीमुळे देशात आधीपासून असलेल्या घड्याळांना वेगळे महत्त्व येते, आणि सॅफ्रनआर्ट व अॅस्टागुरू या मुंबईच्या लिलावगृहांनी संगणकावरील लिलावांत चित्रे आणि दागिन्यांबरोबर घड्याळांनाही स्थान दिले आहे. तेथे येणारा माल मुख्यतः जुन्या घराण्यांच्या तिजोऱ्यांतून आणि उच्च मध्यमवर्गाच्या कपाटांतून येतो. जागतिक बाजारात मूळ खोका, हमीपत्र आणि खरेदीची पावती असलेल्या घड्याळाला अधिक बोली मिळते, पण १९६० आणि १९७० च्या दशकांत मुंबईत विकत घेतलेल्या परदेशी घड्याळांपैकी ज्यांची जकात कधी भरलीच गेली नाही, त्यांची पावती कोणी दिली नव्हती आणि मागितलीही नव्हती. अशा घड्याळाची सत्यता पारखणाऱ्यापुढे शेवटी यंत्रावरील क्रमांक, केसच्या आतल्या बाजूचे शिक्के आणि तबकडीवरची अक्षरे एवढाच पुरावा उरतो. आणि त्या केसच्या झाकणाच्या आत एखाद्या घड्याळजीने सुईने कोरलेली दुरुस्तीची तारीख सापडली, तर परदेशी सूचीकार तिला ओरखडा म्हणून नोंदवतो, आणि मुंबईचा जाणकार मात्र ते घड्याळ त्या वर्षी इथेच होते याचा पुरावा म्हणून ती वाचतो.