पायउतार झालेल्या गुरूंनी बसायचे कुठे?

गोडादऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात खानदेशातून येऊन इथेच रुजलेल्या घरांतली माणसे येतात. म्हातारा दुकान मुलाच्या नावे करतो, पण गल्ल्याची किल्ली कमरेलाच ठेवतो. मग रक्तदाब दोघांचाही मोजावा लागतो.

११ फेब्रुवारी २०१३ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी लॅटिनमधून पदत्याग जाहीर केला, तेव्हा मला ही किल्लीच आठवली. वय ८५, आणि कारण दिले ते शक्ती सरल्याचे. पोपचा राजीनामा कोणी मंजूर करावा लागत नाही. तो स्वेच्छेने दिलेला आणि रीतसर जाहीर केलेला असावा, एवढेच चर्चचा कायदा पाहतो. पण पुढे काय? १२९४ मध्ये सेलेस्टिन पाचवे पाच महिन्यांत पायउतार झाले, तर नव्या पोपने त्यांना फुमोनेच्या किल्ल्यात अडकवून ठेवले. तिथेच ते १२९६ मध्ये वारले. जुन्या पोपभोवती लोक जमतील, ही धास्ती. बेनेडिक्टना कोणी कोंडले नाही. ते व्हॅटिकनमधल्याच मठात राहिले, पांढरा झगाही ठेवला. २०२० मध्ये पुरोहितांच्या ब्रह्मचर्यावरील एका पुस्तकावर सहलेखक म्हणून त्यांचे नाव छापले गेले आणि ते काढा, असे सांगण्याची पाळी आली.

आमच्या दिगंबर परंपरेत हा प्रश्न जुनाच आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली आणि आचार्यपद वीरसागरांना दिले. वीरसागर मूळचे औरंगाबाद जिल्ह्यातले, पण तेव्हा होते जयपुरात. एवढ्या अंतरावर आसनाचा पेच पडतच नाही. १८ सप्टेंबरला शांतिसागरांचा देह पडला.

खरी कसोटी नसीराबादला लागली. २२ नोव्हेंबर १९७२ रोजी वृद्ध आचार्य ज्ञानसागरांनी भरसभेत आपले पद विद्यासागरांना दिले. शिष्य सदलग्याचा, वय अवघे २६, मुनिदीक्षा घेऊन साडेचार वर्षे झालेली. गुरू आसनावरून उतरले, शिष्याला तिथे बसवले, स्वतः खाली बसून त्याला वंदन केले आणि आपली सल्लेखना तुम्हीच पार पाडा, अशी विनंती केली. आदल्या दिवसापर्यंत ज्याला शिकवले, त्याच्याच आज्ञेत ते राहिले. १ जून १९७३ रोजी ते गेले.

म्हणजे सहा-सात महिनेच. बेनेडिक्ट मात्र पदत्यागानंतर जवळजवळ दहा वर्षे, ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत जगले. मी डॉक्टर आहे, म्हणून हा फरक मला मोठा वाटतो. पूर्वी पद सोडणे आणि देह सोडणे जवळजवळ असे. आता मधली वर्षे वाढली आहेत, आणि त्या वर्षांत कसे वागावे याची रीत अजून कुठेच पक्की नाही. रोममध्ये नाही, आपल्या घरांतही नाही.

विद्यासागरांनी ते आसन पन्नासहून अधिक वर्षे सांभाळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये डोंगरगडला, देह ठेवण्याआधी, त्यांनीही ते सोडले. पुढे पद आले समयसागरांकडे. ते त्यांचे पूर्वाश्रमीचे धाकटे भाऊ, सदलग्याचेच.