दोषनिदान, सुधारणा आणि यंत्रज्ञानाची मालकी : पोर्शे ९४४ च्या नियंत्रकाचा इतिहास

यंत्रांच्या इतिहासात वेग आणि शक्ती यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु यंत्र बिघडले असता त्याविषयीचे ज्ञान कोणाच्या हाती असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मोटारीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचा प्रवेश झाला तेव्हा हे ज्ञान कारागिराच्या कानातून आणि बोटांतून निघून एका बंद पेटीत गेले. ते पुन्हा बाहेर कसे आले, हे पाहण्यास पोर्शे कंपनीची ९४४ ही जर्मन स्पोर्ट्‌स मोटार उपयुक्त ठरते.

या नियंत्रकाचा उगम अमेरिकेत आहे. बेंडिक्स कंपनीने १९५७ मध्ये जाहीर केलेली इलेक्ट्रॉनिक इंधनयोजना व्यवहारात टिकली नाही. तिचे हक्क बॉश कंपनीकडे गेले आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगन मोटारीत तीच कल्पना नव्या रूपाने अवतरली. १९७० च्या अमेरिकन वायुशुद्धीविषयक कायद्याने धुरावर कठोर मर्यादा घातल्या, आणि त्या पाळणे कार्ब्युरेटरला कठीण होऊ लागले. १९७९ मध्ये बॉशने इंधन व ठिणगी या दोहोंचे नियंत्रण ‘मोट्रॉनिक’ या एकाच पेटीकडे सोपविले. १९८० नंतरच्या दशकातील ९४४ मोटारीत याच घराण्यातील नियंत्रक बसविलेला होता.

त्याचे कार्य तत्त्वतः सरळ आहे. आत येणारी हवा एका झडपेच्या हालचालीवरून मोजली जाते. इंजिनाची गती गतिचक्राजवळील संवेदक कळवितो. या दोन मापांच्या आधारे स्मृतीतील कोष्टकातून इंधनाचे प्रमाण व ठिणगीची वेळ निवडली जाते. तथापि आरंभीच्या ९४४ मधील नियंत्रक आपला दोष नोंदवून ठेवीत नसे. म्हणून निदान मोजमापावरच अवलंबून राहिले. स्टार्टर फिरत असताना गतिदर्शकाचा काटा जागचा हलला नाही, तर प्रथम संवेदकाचा संशय घ्यावयाचा. संवेदक आणि गतिचक्र यांतील अंतर ०.८ मिलिमीटर आहे की नाही, हे तपासावयाचे. तापलेले इंजिन अकस्मात बंद पडत असेल, तर पुष्कळदा रिलेमधील डाखाला पडलेली चीर कारणीभूत असे. पेटीला दोष देण्यापूर्वी तिच्याभोवतीची तार, जोड आणि रिले पाहावीत, हा धडा कारागिरांनी अनुभवातून घेतला.

दोष सांगणे यंत्रावर बंधनकारक झाले ते कायद्यामुळे. कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मोटारींपासून इशारा-दिवा व दोषस्मृती आवश्यक केली. १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत जोडणी आणि दोषसंकेत एकरूप झाले. शुद्ध हवेसाठी केलेल्या नियमामुळे कोणत्याही कारागिराला यंत्राची भाषा वाचता येऊ लागली, हे लक्षणीय होय.

कोष्टके मात्र निर्मात्याचीच राहिली. ९४४ मध्ये ती ज्या स्मृतिचिपेत साठविलेली होती, तो प्रकार इंटेलने १९७१ मध्ये आणला होता. अतिनील किरणांनी पुसून ती चिप पुन्हा लिहिता येते. म्हणून स्वतंत्र कारागिरांनी कोष्टके वाचून ठिणगी अधिक लवकर पाडणाऱ्या नव्या चिपा तयार केल्या. या सुधारणेची मर्यादाही स्पष्ट होती. ९४४ च्या आठ झडपांच्या साध्या इंजिनात ठोका ओळखणारा संवेदक नव्हता. हलक्या प्रतीचे इंधन मिळाल्यास दट्ट्याची हानी थांबविणारे तेथे कोणीच नसे. शिवाय ज्या इंजिनातील मूळ दोष शोधलेला नाही, त्यावर नवे कोष्टक घालणे म्हणजे रोगावर पांघरूण घालणेच ठरे.

२०१५ मध्ये अमेरिकेने मोटारीच्या मालकास दुरुस्ती व कायदेशीर फेरफार यांसाठी तिच्या संगणकीय आज्ञावलीवरील कुलूप उघडण्याची मुभा दिली. तंत्राच्या प्रश्नाला मालकीच्या प्रश्नाचे रूप आले होते, याची ती पावती होय. परंतु जुन्या चिपेतील विद्युत्‌भार काळाच्या ओघात क्षीण होतो आणि तिच्यातील मजकूर नष्ट होऊ शकतो. जुन्या ताम्रपटाची प्रत वेळीच करून ठेवावी लागते. तोच न्याय या कोष्टकांनाही लागू आहे. मोटार टिकली आणि कोष्टक हरवले, तर इतिहासाच्या हाती केवळ लोखंड उरेल.