तलाव कोणत्या विषयात मोडतो?

पर्यावरणशास्त्र हा एक विषय आहे की अनेक विषयांची मोट, असे शिक्षक नेहमी विचारतात. गोंदिया जिल्ह्यातील जुन्या मालगुजारी तलावांचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने बघता येते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांतले बरेच गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीस घातला, असे सांगतात. टेकड्यांमधली खिंड मातीच्या पाळीने अडवायची आणि सांडव्याचे पाणी खालच्या बोडीत सोडायचे, ही त्यांची रीत. पाऊस चार महिन्यांत संपतो. धान निसवताना पाणी हवे असते. तेवढ्यासाठी हा खटाटोप. परंतु त्याच पाण्यावर ढिवरांची मासळी व शिंगाडा, गुरांचे पाणी आणि उन्हाळ्यात शेतात टाकायचा गाळ हेही अवलंबून असे.

भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तेथील १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली व तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी म्हणजे काही रामराज्य नव्हे; तिच्यात वेठबिगारही होती. पण ती गेल्यावर तलावाची वाटणी झाली. पाणी एका खात्याकडे, मासळी दुसऱ्याकडे, वरचे जंगल तिसऱ्याकडे. गाळ मात्र कोणाकडेच नाही! तो साचत राहिला.

मत्स्यविकासासाठी रोहू, कटला, मृगळ यांचे बीज आणले गेले. हे मासे वाढतात झपाट्याने, पण साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यामुळे बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. मरळ, शिंगी यांसारख्या स्थानिक माशांना बीज लागत नाही. त्यांना उथळ काठ व पाणवनस्पती लागतात. नेमका तो काठ दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बेशरमने व्यापला. मासळी घटली की ढिवराची चूल थंडावते, आणि याच उथळ पाण्यावर व धानाच्या बांध्यांवर जगणारा सारसही अडचणीत येतो. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस मुख्यतः याच जिल्ह्यात आहेत.

तलावाकडे एकसंध व्यवस्था म्हणून बघणे विज्ञानालाही उशिराच सुचले. स्टीफन फोर्ब्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये सरोवर हे एक छोटे विश्वच असल्याचे मांडले. टॅन्सलीने ‘परिसंस्था’ ही संज्ञा १९३५ मध्ये दिली, आणि १९४२ मध्ये लिंडमनने एका लहानशा तळ्यातून ऊर्जा कशी वाहते याचा हिशोब मांडला.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात अलीकडच्या काळात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांबरोबर काही तलाव पुन्हा सुधारायला घेतले. महिलांनी उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटली, तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या कामाची, हे ढिवरांना ठाऊक होते. शास्त्रीय नावे मागाहून जोडली गेली.