काश्मिरी दरवाज्याजवळचे दातृत्व

पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील आठवा आणि नववा अध्याय यरुशलेमातील गरिबांसाठी चाललेल्या वर्गणीविषयी आहेत. उत्पन्नाचा दहावा भाग देवाला अर्पण करण्याची ‘दशांश’ नावाची यहुदी रीत त्याला ठाऊक असूनही येथे त्याने कोणताही आकडा सांगितला नाही, उलट स्वतः दारिद्र्यात असूनही हात सैल सोडणाऱ्या मासेदोनियातील मंडळ्यांचे उदाहरण पुढे ठेवले. दात्यासाठी त्याने योजलेला ‘हिलारोस’ हा ग्रीक शब्द प्रफुल्ल चित्ताचा वाचक असल्यामुळे, देताना मन कसे होते यालाच दानाइतके महत्त्व प्राप्त झाले. या शिकवणीचा जो प्रत्यय दिल्लीच्या काश्मिरी दरवाज्याजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी आला, त्यात पैशाचा वाटा लहान होता.

दिल्लीतील अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चशी संलग्न असलेले मिशन १८५४ मध्ये सुरू झाले, १८५७ च्या उठावात उद्ध्वस्त झाले आणि पुढे पुन्हा उभे राहिले. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नसल्यामुळे या मिशनमधील प्रिसिला विंटर यांनी यमुनाकाठी स्त्रियांना औषधे देण्याचे काम आरंभिले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १८८५ मध्ये, त्यातूनच चांदणी चौकात सेंट स्टीफन्स रुग्णालय उघडले. याच नावाचे महाविद्यालय केंब्रिज मिशनच्या बंधुमंडळाने, म्हणजे एकत्र राहून सेवा करणाऱ्या अविवाहित धर्मगुरूंच्या संघाने, १८८१ मध्ये स्थापन केले होते व १८९१ पासून ते काश्मिरी दरवाज्याजवळ भरत असे.

१९०६ मध्ये या महाविद्यालयाचे प्राचार्यपद रिकामे झाले, तेव्हा ते इंग्रजाकडेच जावे असा वरिष्ठांचा कल होता. १९०४ मध्ये दिल्लीस आलेले केंब्रिज मिशनचे इंग्रज धर्मगुरू चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांना ते सहज मिळण्याजोगे असताना त्यांनी ते नाकारले, आणि अनुभवाने ज्येष्ठ असलेले बंगाली ख्रिस्ती सहकारी सुशीलकुमार रुद्र यांचीच नेमणूक व्हावी असा आग्रह धरला. अशा रीतीने रुद्र हे महाविद्यालयाचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. वर्णाच्या जोरावर मिळणारा मान ज्या काळी हक्क समजला जाई, त्या काळी तो दुसऱ्याच्या हाती देणे आणि त्याच्या हाताखाली मनापासून काम करणे हे मोठ्या देणगीहून दुर्मीळ होते. १९१३ च्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेतील हिंदी सत्याग्रहींसाठी निधी जमवत असता याच अँड्र्यूजांनी आपली साठवलेली पुंजी त्यांच्या स्वाधीन केली, आणि तेवढ्याने न थांबता आपले मित्र विल्यम पीअर्सन यांच्यासह स्वतः निघून १९१४ च्या जानेवारीत ते डर्बनला पोहोचले.

तथापि रुद्रांचे दातृत्व अधिक कसोटीचे मानावे लागते, कारण पैसा एकदा देऊन होतो, घराचे दार मात्र धोका दिसत असताना पुन्हा पुन्हा उघडावे लागते. १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी परतल्यापासून गांधीजी दिल्लीस आले की रुद्रांकडेच उतरत. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रह पुकारल्यावर मात्र गांधीजींना संकोच वाटू लागला, कारण रुद्र एका इंग्रज मिशनच्या संस्थेचे प्रमुख होते आणि अशा पाहुण्यामुळे त्यांच्यावर व महाविद्यालयावर संकट ओढवण्याचा संभव होता. त्यांनी अन्यत्र उतरण्याची तयारी दाखवली. रुद्रांनी ती मानली नाही, आणि आपला धर्म लोकांना वाटतो त्याहून खोल असल्याचे सांगून पाहुणचार चालूच ठेवला. येथे यजमानाने पाहुण्यावर उपकार केल्याचा भाव कोठेही आढळत नाही, आणि ख्रिस्ती अर्थाने हे दान ठरते ते याच कारणाने.

रुद्र १९२३ मध्ये निवृत्त झाले व १९२५ मध्ये निवर्तले. त्यानंतर ‘यंग इंडिया’त त्यांच्याविषयी लिहिताना गांधीजींनी नमूद केले, की खिलाफतीच्या मागणीसंबंधी व्हाइसरॉयला लिहिलेल्या खुल्या पत्राचा मसुदा रुद्रांच्याच घरी तयार झाला होता.