शेतकऱ्यांचा निवृत्ती निधी: नोंदणी, पॅन आणि प्रान क्रमांक

नोकरदाराचा भविष्यनिर्वाह निधी त्याच्या पगारातून आपोआप कापला जातो. शेतकऱ्याला मात्र असे खाते स्वतः उघडावे लागते आणि ६० वर्षे वयापर्यंत स्वतःच चालवावे लागते. कोणती योजना निवडावी यापेक्षा नोंदणीचे कागद आणि ओळख क्रमांक यांतच अनेकांची गाडी अडते. म्हणून या लेखात कोणत्या खात्याला कोणता क्रमांक लागतो, हे दिले आहे.

कोणासाठी कोणते खाते?

१) प्रधानमंत्री किसान मानधन योजना
- वय १८ ते ४०; लागवडीयोग्य जमीन २ हेक्टरपर्यंत. १ ऑगस्ट २०१९ रोजी जमीन अभिलेखात नाव असावे.
- वयानुसार दरमहा हप्ता ५५ ते २०० रुपये. तेवढीच रक्कम केंद्र सरकार भरते.
- वयाच्या ६० वर्षांनंतर दरमहा ३,००० रुपये. पेन्शन सुरू झाल्यावर लाभार्थीचा मृत्यू झाल्यास पती किंवा पत्नीस दरमहा १,५०० रुपये.
- उदाहरण: २९व्या वर्षी सहभागी झाल्यास हप्ता १०० रुपये. ३१ वर्षांत स्वतःचे ३७,२०० रुपये भरले जातात. नंतर वर्षाला ३६,००० रुपये मिळतात.

२) अटल पेन्शन योजना
- वय १८ ते ४०. बँक किंवा टपाल बचत खाते आवश्यक. जमिनीची अट नाही, त्यामुळे शेतमजूर आणि खंडाने शेती करणारेही पात्र.
- दरमहा १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत पेन्शनचा पर्याय.
- १ ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकरदात्यांना नव्याने सहभागी होता येत नाही.

३) राष्ट्रीय पेन्शन योजना (एनपीएस)
- १ मे २००९ पासून सर्व नागरिकांसाठी खुली. चाळिशी ओलांडलेल्या आणि २ हेक्टरपेक्षा जास्त जमीन असलेल्या शेतकऱ्यांसाठी हा मार्ग आहे.
- पेन्शनची रक्कम निश्चित नसते. ती जमा रक्कम आणि बाजारातील परताव्यावर ठरते. निधी व्यवस्थापक आणि गुंतवणुकीचा पर्याय खातेदार स्वतः निवडतो.
- दरमहा हप्त्याची सक्ती नाही. वर्षाची किमान रक्कम भरून, उसाचे बिल किंवा सोयाबीनची पट्टी हाती आल्यावर एकदम भरणा करता येतो.

कोणता क्रमांक कशासाठी?

- आधार: नोंदणीचा पाया. मोबाईल क्रमांक आधारशी जोडलेला असावा.
- किसान पेन्शन खाते क्रमांक: मानधन योजनेची नोंदणी पूर्ण झाल्यावर कार्डावर मिळतो.
- प्रान: एनपीएस आणि अटल पेन्शनमधील १२ अंकी कायम क्रमांक. बँक किंवा गाव बदलले तरी तोच राहतो.
- पॅन: प्राप्तिकर विभागाचा १० अक्षरांकी क्रमांक. एनपीएसच्या नोंदणीत मागितला जातो. मानधन योजनेसाठी त्याची गरज नाही.
- शेतकरी ओळख क्रमांक (फार्मर आयडी): हा जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. तो काढला म्हणजे पेन्शनची नोंदणी झाली असे नाही.

पॅन काढला म्हणजे करदाता झालो का?

नाही. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. पॅन ही केवळ ओळख आहे. मानधन योजनेत मागील कर निर्धारण वर्षात प्रत्यक्ष प्राप्तिकर भरलेली व्यक्ती अपात्र ठरते. नुसते पॅन कार्ड आहे म्हणून कोणी अपात्र होत नाही. या गैरसमजातून पात्र शेतकऱ्याचा अर्ज मागे ठेवू नये. प्रत्येक वर्षाच्या उशिराने हप्ता वाढतो आणि ४० नंतर दार बंद होते.

पॅन नसल्यास प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर आधारच्या आधारे ई-पॅन विनामूल्य मिळतो. पूर्वी कर्जासाठी पॅन काढला असल्यास दुसरा काढू नये. दोन पॅन बाळगल्यास दंड होऊ शकतो. जुना पॅन आधारशी जोडलेला आहे का, ते पाहावे. न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले आहेत.

मानधन योजनेची नोंदणी

1. आधार, बँक पासबुक आणि ८-अ उतारा घ्यावा. एकापेक्षा जास्त गटांत जमीन असल्यास एकूण क्षेत्र ८-अ वर समजते.
2. आपले सरकार किंवा सामाईक सेवा केंद्रात (सीएससी) नोंदणी होते का, ते विचारून जावे. नोंदणीचे शुल्क शेतकऱ्याने द्यायचे नाही.
3. जन्मतारीख, पती किंवा पत्नीचे नाव आणि वारस पडद्यावर स्वतः वाचून पाहावे.
4. हप्ता बचत खात्यातून किंवा पीएम-किसानच्या रकमेतून कापण्यास संमती द्यावी.
5. पेन्शन क्रमांक असलेले कार्ड घेऊनच केंद्र सोडावे.

भविष्यनिर्वाह निधी, राज्य कामगार विमा किंवा एनपीएसचे सदस्य मानधन योजनेस पात्र नाहीत. त्यामुळे आधी मानधन योजनेची पात्रता तपासावी, मगच एनपीएसचा विचार करावा.

नावातील फरक आधी दुरुस्त करावा

सातबाऱ्यावर ‘बापू’, आधारवर ‘बापूसाहेब’ आणि पासबुकात आडनावाचे स्पेलिंग वेगळे, असे सर्रास आढळते. हा फरक साठाव्या वर्षी किंवा वारसाने दावा करताना डोके वर काढतो. सातबाऱ्यातील लेखनप्रमाद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्त होतो.

हप्ता चुकल्यास

मानधन योजनेत थकीत रक्कम व्याजासह भरून खाते नियमित करता येते. १० वर्षांच्या आत बाहेर पडल्यास स्वतःचा भरणा बचत खात्याच्या व्याजदराने परत मिळतो, सरकारचा हिस्सा मिळत नाही. दुष्काळी वर्षात खाते बंद करण्यापूर्वी हा हिशेब मांडावा.

कृषी सहायकांसाठी: गावनिहाय यादी करताना ३८ ते ४० वयोगटातील अल्पभूधारक प्रथम घ्यावेत. त्यांच्याकडे वेळ सर्वांत कमी आहे.