जौहरदार पोलाद : निर्मळच्या मुलखातील मूस आणि असदउल्लाचे पाते

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला हा पैनगंगेकाठचा मराठीभाषक मुलूख. नदीपलीकडे विदर्भ सुरू होतो. येथून दक्षिणेस आदिलाबाद ओलांडले की निर्मळ लागते. २०१६ पर्यंत ते याच जिल्ह्यात होते. आज निर्मळ म्हटले की लाकडी खेळणी आठवतात; एके काळी मात्र निर्मळ आणि गोदावरीच्या दक्षिणेकडील कोनासमुद्रम हा टापू पोलादासाठी इराणपर्यंत ठाऊक होता.

जुन्या शस्त्रांवरील अलंकरण दोन प्रकारचे असते. कोफ्तगरीत पोलादावर आडव्याउभ्या बारीक रेघा खरवडून त्यांत सोन्याची वा चांदीची तार ठोकून बसवतात. बंदुकीची नळी असो वा तलवारीची मूठ, ही नक्षी वरून चढवलेली असते. नमुना समोर असेल तर कुशल कारागीर ती पुन्हा उतरवू शकतो. उदयपुरात हे काम अजून चालते. जौहर ही दुसरी गोष्ट. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी दिसणारी ही नक्षी कोणी कोरत नाही. ती पोलादाच्या पोटातच असते आणि पृष्ठभागावर सौम्य आम्ल फिरवल्यावर प्रकट होते. (बंदुकीच्या नळ्यांवरील लहरी बहुधा वेगळ्या : लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, एकजीव करून साधलेल्या.)

इस्फहानचा असदउल्ला हा जौहरदार पात्यांचा सर्वांत ख्यातनाम उस्ताद. त्याची मुद्रा इतक्या आणि इतक्या वेगवेगळ्या काळांतील पात्यांवर आढळते की ती सगळी एका माणसाची असणे अशक्य आहे. नाव हेच जणू व्यापारचिन्ह झाले होते.

या कलेचा कच्चा माल कोठून येई, हे हेन्री व्हॉयसी या भूगर्भतज्ज्ञाने लिहून ठेवले आहे. त्याचा मृत्यू १८२४ मध्ये झाला. कोनासमुद्रमचे वर्णन १८३२ मध्ये छापले गेले. मीटपल्ली आणि कोंडापूर येथील दोन जातींचे लोखंड ठरावीक प्रमाणात मातीच्या मुशीत भरून, वर काचेचे तुकडे टाकून, सुमारे २४ तास भाते चालवीत. मूस थंड झाल्यावर निघणारी वडी पुन्हा पुन्हा तापवून नरम करीत. तेथे व्हॉयसीला इस्फहानचा हाजी हुसेन हा व्यापारी भेटला. मालाचे वजन आणि वड्यांची पारख तो जातीने करी. इराणात असे पोलाद बनवण्याचे प्रयत्न फसल्याचे त्यानेच सांगितले. प्रक्रिया डोळ्यांसमोर असूनही ती दुसरीकडे नेता येत नव्हती, ही बाब लक्षणीय आहे.

युरोपीय शास्त्रज्ञांचेही तसेच झाले. मायकेल फॅरडे यांनी १८१९ मध्ये या ‘वुट्झ’चे पृथक्करण केले आणि त्याच्या गुणांचे श्रेय अ‍ॅल्युमिनियमला दिले. तर्क चुकला. पुढे स्वस्त आयात पोलादापुढे भट्ट्या विझल्या आणि विद्याही गेली.

खरे पुनर्निर्माण विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत झाले. आयोवा स्टेट विद्यापीठाचे धातुतज्ज्ञ जॉन व्हरहोवेन आणि फ्लोरिडातील आल्फ्रेड पेंड्रे (पेशाने घोड्यांना नाल ठोकणारे!) यांनी अनेक वर्षे वड्या ओतल्या, ठोकल्या, तोडून पाहिल्या. १९९८ च्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा : सुमारे दीड टक्का कार्बनच्या पोलादात व्हॅनेडियमचा अगदी सूक्ष्म अंश, ०.००५ टक्क्याहूनही कमी, असला तरी वारंवार तापवून ठोकताना कार्बाइडचे कण रांगांत बसतात. त्या रांगा म्हणजेच जौहर. अर्थात उस्तादाच्या हातोड्याइतकेच श्रेय विशिष्ट खाणीतील धातुकाला जाते. तो बदलला की तोच हात निष्फळ ठरे.

२००६ मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांनी असदउल्लाच्या नावाच्या, बर्न येथील संग्रहालयातून मिळालेल्या सतराव्या शतकातील तलवारीत कार्बनच्या नॅनोनलिका आढळल्याचे जाहीर केले. त्यांचा जौहराशी नेमका संबंध काय, यावर एकमत नाही.

उत्तर तेलंगणातील गावोगावच्या लोह-अवशेषांचे पद्धतशीर सर्वेक्षण एक्झेटर विद्यापीठ आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेने २०१० मध्ये केले. कोनासमुद्रमच्या परिसरात फुटक्या मुशी आणि काचेसारखा धातुमळ सापडतो.